'फॅसिस्ट' म्हण खुशाल, पण आधी पुस्तकात काय आहे ते सांग

अगं,

'स्टारशिप ट्रूपर्स'ला फॅसिस्ट ठरवणारा तुझ्या लेखाचा ड्राफ्ट वाचला. भाषा छान आहे, चीड पण खरी वाटते, पण एक विचारू का, अमेरिकन विज्ञानकथाकार रॉबर्ट हाइनलाइनची ती कादंबरी वाचून लिहिलंयस की १९९७ चा पिक्चर बघून? कारण तू ज्या गोष्टींवर तुटून पडलीयस त्यातल्या बऱ्याचशा दिग्दर्शक व्हरहोव्हनच्या आहेत. बायका आणि पुरुष एकाच इन्फन्ट्रीत लढतायत ते पिक्चरमध्ये, पुस्तकात बायका स्पेसशिप उडवतात आणि मोबाइल इन्फन्ट्री, म्हणजे तिथलं पायदळ, सगळी पुरुषांची. पिक्चरमधला नायक रिको गोरा, ब्युनॉस आयर्सचा पोरगा. पुस्तकातल्या हुआन रिकोच्या घरी टागालोग बोलतात, म्हणजे तो फिलिपिनो, आणि हे हाइनलाइन पार शेवटाकडे जाता जाता सांगून टाकतो, तेही १९५९ साली, अमेरिकेत बसून. आणि ज्या चिलखती पॉवर्ड सूटसाठी कादंबरी अजून आठवली जाते तो सूट पिक्चरमध्ये नाहीच! व्हरहोव्हनने स्वतःच सांगितलंय की पुस्तक त्याला थोडंसं वाचून सोडून द्यावंसं वाटलं. त्याने टर उडवणारा पिक्चर काढला, मला तो आवडतो सुद्धा, पण त्यातलं हाइनलाइनच्या खात्यावर टाकू नकोस.

आता मुख्य मुद्दा, मतदान. तू एका वाक्यात उरकलंयस, "या जगात फक्त सैनिकांना मत आहे". असं पुस्तकात नाहीये. मत मिळतं ते फेडरल सर्व्हिस, म्हणजे सरकारी सेवेची मुदत, पूर्ण करून बाहेर पडलेल्याला, नोकरीत असताना नाही, म्हणजे ऐन लढाईतल्या सैनिकालाही मत नाही. सर्व्हिस ऐच्छिक आहे, सोडता येते, पण सोडली की मताचा विषय कायमचा संपला. आणि अर्ज करणाऱ्याला नाकारायचं जवळपास कारणच नाही. भरतीच्या वेळचा डॉक्टर रिकोला म्हणतो की दोन्ही डोळ्यांनी आंधळा माणूस व्हीलचेअरवरून आला आणि हट्टच धरला तरी त्याला काहीतरी काम शोधून देतील, सुरवंटाच्या अंगावरची लव हाताने चाचपून मोजायचं वगैरे. बाकी मत नसलेले लोक मजेत धंदा करतायत, रिकोचा बापच गडगंज आहे आणि सर्व्हिसवाल्यांना बांडगुळं समजतो. हे सगळं सांगून मग तू म्हण ना की तरीही ही व्यवस्था मला मान्य नाही. मलाही नाही. पण ज्याला हे पुस्तक जीव की प्राण आहे त्यानेसुद्धा तुझा सारांश वाचून म्हणायला हवं की हो, असंच आहे. टीका त्याच्या पुढे सुरू होते.

त्यात अजून एक गुंता आहे. १९८० च्या 'एक्स्पान्डेड युनिव्हर्स' या आपल्या संग्रहात हाइनलाइन म्हणतो की त्या जगातले वीसपैकी एकोणीस व्हेटरन, म्हणजे सर्व्हिस पूर्ण केलेले लोक, लष्करी नाहीतच, साध्या नागरी सेवेतले आहेत. फॅन लोक हे वाक्य लगेच तोंडावर फेकतात. पण कादंबरी उघडून बघ, तिथे भरतीवाला सार्जंट सांगतो की ही एकतर खरी लष्करी सेवा असते नाहीतर तिची जितकी त्रासदायक नक्कल करता येईल तितकी केलेली असते. रिकोचा मित्र कार्ल संशोधनाकडे जातो हे खरं, पण व्यापारी जहाजांवरच्या खलाशांना मात्र त्यांची नोकरी सर्व्हिस म्हणून धरली जात नाही आणि त्यावरून मारामाऱ्या होतात. म्हणजे पुस्तक दोन्हीकडे थोडं थोडं झुकतं. लेखक एकवीस वर्षांनी काय म्हणाला ते वेगळं लिही, पानावर काय छापलंय ते वेगळं लिही, आणि दोन्ही नीट जुळत नाहीत हे तिसऱ्या वाक्यात लिही, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

पुढचं, "हाइनलाइन म्हणतो" हे तू सारखं लिहिलंयस. कितीतरी ठिकाणी ते द्युबुआ म्हणतो, इतिहास आणि नीतिशास्त्र शिकवणारा मास्तर. हिंसेने इतिहासातले जास्तीत जास्त प्रश्न निकाली काढलेत, पोरांना न मारता वाढवलं म्हणून समाज बिघडला, कुत्र्याच्या पिल्लाला शिकवतात तसं त्यांना शिकवायला हवं होतं, ही सगळी त्याची लेक्चरं. (ते पिल्लावालं लेक्चर मला दर वेळी किळसवाणं वाटतं, आणि सैन्यातून पळून जाऊन लहान मुलीचा खून करणाऱ्या डिलिंजरला फाशी होते त्याच्याजवळच ते येतं, हा योगायोग नसावा.) तर द्युबुआचं ते द्युबुआचं म्हण. पण त्याच्या मागे लेखकाला लपूही देऊ नकोस, आणि इथेच तुझ्या लेखाचा सगळ्यात भारी मुद्दा आहे जो तू लिहिलेलाच नाहीस. सगळ्या पुस्तकात द्युबुआला कुणी हरवत नाही. वर्गात पोरं उत्तरं देतात ती चुकीची ठरण्यासाठीच. पुढे ऑफिसर ट्रेनिंगमध्ये मेजर रीड विचारतो की आपली व्यवस्था कशामुळे चालते, कॅडेट म्हणतात आपले मतदार निवडक असतात, शिस्तीचे असतात, तो एकेक उत्तर खोडतो, व्हेटरन काही जास्त हुशार नसतात असं स्पष्ट सांगतो, आणि शेवटचा शब्द त्याचाच. खरा विरोधक एकच, रिकोचा बाप, आणि त्याचं काय होतं? ब्युनॉस आयर्सवरच्या हल्ल्यात बायको जाते, तो स्वतः भरती होतो, आणि शेवटी मुलाच्याच प्लाटूनचा सार्जंट म्हणून उभा राहतो. विरोध करणाऱ्या एकमेव दमदार माणसाला लेखकाने गणवेश चढवला. लढाया मोजक्या, बाकी पानं बूटकॅम्प आणि वर्ग, आणि त्या वर्गात उलट प्रश्न जिंकू शकत नाही. ही टीका फॅनला सहज झटकता येणार नाही, कारण ती पुस्तकाच्या घडणीतून येते.

फॅसिस्ट हा शब्द वापरायचा तर वापर, पण हिशोब दोन्ही बाजूंचा मांड. पूजा करायला एक सर्वोच्च नेता नाही, माणसामाणसांत वंशाची उतरंड नाही, सक्तीची भरती नाही. दुसरीकडे हे राज्य जन्मलंय ते कोलमडलेल्या जगात अॅबर्डीनमध्ये माजी सैनिकांनी कायदा हातात घेऊन, आणि शत्रू, म्हणजे परग्रहावरचे किडे, असा जन्मजात कम्युनिस्ट रंगवलाय की त्याच्याशी बोलायचा प्रश्नच येऊ नये. तो काळ पण दोन ओळीत सांग, १९५८ मध्ये अणुचाचण्या एकतर्फी थांबवायच्या मागणीविरुद्ध हाइनलाइन नवराबायकोने पेपरात जाहिरात दिली होती आणि हातातली दुसरी कादंबरी बाजूला ठेवून तो हे लिहायला बसला. ती बाजूला ठेवलेली, 'स्ट्रेंजर इन अ स्ट्रेंज लँड', १९६१ ला आली आणि पुढे हिप्पींनी डोक्यावर घेतली, त्यामुळे माणसावर शिक्का मारताना जरा जपून. व्हिएतनाममध्ये लढून आलेल्या जो हॉल्डमनची १९७४ ची युद्धविरोधी कादंबरी 'द फॉरएव्हर वॉर' वाचली नसशील तर लिहायच्या आधी वाच, लोक ही दोन पुस्तकं शेजारी ठेवून वाचतात ते उगीच नाही.

शेवटचा पॅरा काढून टाक, त्यात तू आजच्या राजकारणावर घसरलीयस आणि कादंबरी गायब झालीय. आणि या कादंबरीला मिळालेला ह्यूगो पुरस्कार १९६० चा आहे, तू १९५९ लिहिलंयस, तेवढं दुरुस्त करून पाठव.

काका