राजीनाम्याआधी हिशेबाची वही उघडा

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. तुम्ही ३३ वर्षांच्या आहात, पुण्यातल्या एका आयटी कंपनीत दहा वर्षे नोकरी करता आणि गेले वर्षभर, रात्रीची जेवणे आटोपल्यावर, खणाच्या कुर्त्यांचा स्वतःचा ब्रँड उभा करण्याच्या खटपटीत आहात. पहिल्या ३० कुर्त्यांपैकी २२ विकले गेले आणि आता एका बुटीकने लग्नसराईसाठी १०० कुर्ते मागितले आहेत, पैसे मात्र माल दिल्यानंतर ६० दिवसांनी. त्यासाठी दागिने तारण ठेवावेत आणि राजीनामा द्यावा का, असे तुम्ही विचारता. तुमचे पती या सगळ्याला 'खूळ' म्हणतात, आणि सहा वर्षांच्या मुलीने "आई, तू रविवारीपण ऑफिसला जातेस का?" असे विचारल्यापासून तुमचे मन थाऱ्यावर नाही.

राजीनामा आत्ता देऊ नका, आणि ब्रँडही सोडू नका. असे का म्हणते, ते तुम्हीच पाठवलेल्या आकड्यांवरून सांगते.

तुमच्या हिशेबात एका कुर्त्याला कापड ४२०, अस्तर ९० आणि शिलाई ३०० असे ८१० रुपये लागले आणि तो १,२०० रुपयांना गेला, म्हणून तुम्ही २२ कुर्त्यांचा नफा ८,५८० रुपये मांडला आहे. पण कापड, अस्तर आणि शिलाई तर ३० कुर्त्यांची झाली. म्हणजे खर्च २४,३०० आणि हाती आले २६,४००, उरले २,१००. त्यातून फोटो काढून घेण्याचे २,५०० रुपये आणि पाच कुरिअरचे ४५० रुपये वजा केले, तर ८५० रुपयांची पदरमोड झालेली दिसते, आणि रात्री दीड-दीड वाजेपर्यंत जागून तुम्ही केलेल्या कामाचा एक रुपयाही यात धरलेला नाही. उरलेले आठही कुर्ते 'स्मॉल' मापाचे आहेत, असे तुम्ही ओझरते लिहिले आहे. माझ्या मते पत्रातली सर्वांत मोलाची माहिती तीच आहे, कारण तुमचे गिऱ्हाईक कोण आहे हे त्या आठ कुर्त्यांनी तुम्हाला सांगितले आहे. यापुढे ते माप आधी मागणी आल्याशिवाय शिवूच नका.

आणखी एक गोष्ट मला टोचली. विकल्या गेलेल्या २२ पैकी १७ कुर्ते नातेवाइकांनी आणि ऑफिसमधल्या मैत्रिणींनी घेतले. त्यांचे प्रेम खरे आहे, पण ती बाजारातली मागणी नव्हे. ज्या पाच अनोळखी बायकांनी कुरिअरने कुर्ता मागवला, त्यांच्यापैकी कोणी दुसरा मागवला का? त्यांना फोन करा. बाही कुठे आवळते, धुतल्यावर रंग उतरला का, कापड आटले का, हे त्या मोकळेपणाने सांगतील. मावशी सांगणार नाही.

खणाचे कापड निवडलेत, याचा मला मनापासून आनंद वाटला. कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डच्या मागांवरचा हा खण महाराष्ट्रातल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या चोळीसाठी लुगड्यासोबत घेतला, ओटीत घातला. पण तो चोळीसाठीच विणला जाई, म्हणून त्याचा पन्हा अरुंद, तीस-बत्तीस इंचांच्या आसपास असतो. मोठ्या मापाच्या कुर्त्याला त्यात जोड द्यावा लागतो, काठ जुळवावे लागतात आणि बेतताना कापड वाया जाते. तुमच्या शिंपी मास्तरांनी 'एक्सएल'ला जास्त कापड मागितले ते लबाडीने नव्हे. तेव्हा सगळ्या मापांना कापडाचे सरसकट ४२० रुपये न धरता मापागणिक वेगळा खर्च मांडा, आणि प्रत्येक नव्या ताग्याचा एक तुकडा धुऊन पाहिल्याशिवाय कात्री लावू नका.

आता बुटीकच्या मागणीविषयी. ते एका कुर्त्याचे ९५० रुपये देणार, म्हणजे १०० कुर्त्यांमागे १४,००० रुपये सुटणार, आणि तेही तारणाचे व्याज, ने-आण आणि नाकारून परत आलेला माल वजा करण्याच्या आधी. त्यासाठी ८१,००० रुपये अडकवायचे, घरचे सोने गहाण टाकायचे आणि महिन्याच्या महिन्याला येणारा पगार सोडायचा, हा सौदा तोट्याचा आहे. त्यांना २५ कुर्ते देऊ करा आणि निम्मी रक्कम विसार म्हणून आधी मागा. विसार द्यायलाच नकार आला, तर ते गिऱ्हाईक तुमच्या पैशावर आपले दुकान सजवू पाहत होते असे समजा.

सारा ब्लेकली ही अमेरिकन बाई अटलांटात फॅक्स मशीन विकण्याची नोकरी करत होती. साठवलेले ५,००० डॉलर घालून तिने 'स्पँक्स' या घट्ट बसणाऱ्या अंतर्वस्त्रांच्या ब्रँडची जुळवाजुळव केली, आणि मोठ्या दुकानाची मागणी हाती आल्यानंतरच, २००० साली, नोकरी सोडली. प्रत्येकीचे असे होत नाही, हे मलाही कळते. पण पगाराने तिला घाई न करण्याची मुभा दिली, तीच तुम्हालाही मिळते आहे. सलग सहा महिने, सगळा खर्च आणि तुमची मजुरी वजा जाता, घरखर्चातला तुमचा वाटा या कामातून निघू लागला, की राजीनाम्याचा विषय पुन्हा काढा.

ऑफिसला कळू नये म्हणून सासूबाईंच्या नावावर नोंदणी करावी, हा विचार मात्र सोडून द्या. नियुक्तीपत्रात बाहेरच्या व्यवसायाबद्दलचे कलम असेल ते वाचा आणि मनुष्यबळ विभागाकडे लेखी परवानगी मागा. २०२२ मध्ये विप्रोने सुमारे ३०० जणांना काढले, ते प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठी काम केल्याच्या कारणावरून. तुमच्या कुर्त्यांचा कंपनीच्या धंद्याशी संबंध नाही. तरीही ऑफिसचा लॅपटॉप आणि ऑफिसची वेळ यांना या कामाचा स्पर्श होऊ देऊ नका. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, स्वतःच्या नावाने करा, ती मोफत आहे. राज्याबाहेर माल पाठवणार असाल, तर जीएसटी नोंदणी ४० लाखांच्या उलाढालीची वाट न पाहता लागू शकते, म्हणून त्याआधी सीएंना एकदा भेटा.

राहिले घर. तुमचे पती 'खूळ' म्हणतात हे दुखावणारे आहे, पण त्यांच्यासमोर तुम्ही आजवर फक्त कुर्ते आणि जागरणे ठेवलीत, दागिन्यांची गोष्ट तर त्यांना अजून सांगितलेलीही नाही. वर मांडलेला हिशेब, ८५० रुपयांच्या तोट्यासकट, त्यांच्यापुढे ठेवा आणि सोने गहाण पडणार नाही हे आधी सांगा. त्यांची भीती किती खरी आणि किती नुसती, हे मग दोघांनाही कळेल. आठवड्यातल्या तीन रात्री साडेअकरापर्यंत काम, शनिवारी सकाळी मास्तरांकडे फेरी, आणि रविवार पूर्णपणे मुलीचा, एवढ्यात २५ कुर्ते बसतात. लग्नसराई संपली की मला पुन्हा लिहा आणि त्या पाच बायका फोनवर काय म्हणाल्या, तेही कळवा.