गाठीवरून तंबाखू ओळखता येते का?

प्रश्न : वडिलांनी तीस वर्षं चुना-तंबाखू मळून खाल्ली. आता गालाच्या आत कॅन्सर निघालाय. गाठीची जीन तपासणी केली, तर तो तंबाखूनेच झाला हे सिद्ध होईल का? (वाचक, निपाणी)

उत्तर : दवाखान्यातल्या नेहमीच्या तपासणीतून नाही. डीएनएची अक्षरं चार : ए, टी, जी, सी. कुठलं रसायन कुठल्या अक्षराला धरतं, यावर बिघाडाचा प्रकार ठरतो. विडीच्या धुरातलं बेंझोपायरिन पेशीत रूप बदलून 'जी'ला चिकटतं. पुढं नक्कल होताना तिथं 'टी' बसतो. उन्हातले अतिनील किरण शेजारशेजारची अक्षरं एकमेकांना जखडतात आणि 'सी'चा 'टी' होतो. असे शेकडो बदल एकत्र मोजले की कारणाचा ठसा दिसतो. चघळायच्या तंबाखूत धूर नाही, तिथं पानं वाळवताना-मुरवताना तयार होणारी नायट्रोसामाइन्स ही कॅन्सर घडवणारी रसायनं असतात. तंबाखू चघळणाऱ्यांच्या गाल-हिरडीच्या गाठींत धूम्रपानाच्या ठशाशी मिळताजुळता, तरी वेगळा ठसा सापडलाय.

तो पाहायला गाठीचा संपूर्ण जीनोम (पेशीतला सगळा डीएनए), निदान सगळी प्रथिनं घडवणारा भाग वाचावा लागतो. सोबत रक्ताचा नमुनाही हवा, नाहीतर जन्मजात फरकही गाठीतले बदल म्हणून मोजले जातात. काही मोजक्या जीन्सच्या पॅनेलमध्ये ठशासाठी पुरेसे बदल मिळतच नाहीत. शिवाय तपासणीसाठी काढलेला गाठीचा तुकडा फॉर्मालिनमध्ये (तो टिकवायच्या द्रवात) जास्त दिवस राहिला तर 'सी'चे खोटे 'टी' दिसू लागतात. दहा टक्के बफर फॉर्मालिनमध्ये 6 ते 72 तास, एवढंच योग्य. आणि चुन्यानं सतत भाजलेली जखम पेशींना वाढायला भाग पाडते, पण तिचा स्वतःचा असा ठसा उमटत नाही.

म्हणून कारण शोधायला पैसे घालू नका, ते उपचाराला ठेवा. डॉक्टरांनी औषध निवडायला पॅनेल सांगितलं तर जरूर करा. मेणाचा ब्लॉक (गाठीचा तुकडा ज्या मेणात बसवतात तो) आणि स्लाइड मात्र मागून जपून ठेवा.

प्रश्न : पंधरा वर्षं विडी ओढतोय. आता सोडून काय उपयोग? झालेले बदल पुसले जातात का? (वाचक, चिकोडी)

उत्तर : झालेला बदल पुसला जात नाही. पण 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात धूम्रपान सोडलेल्यांच्या श्वासनलिकेत जवळपास निरोगी पेशी, अजून ओढणाऱ्यांच्या तुलनेत, चौपटीपर्यंत सापडल्या. कमी बिघडलेल्या पेशी वाढून जागा घेतात. आजच सोडा. तोंडात तीन बोटं उभी मावत नसतील, किंवा पांढरा-लाल चट्टा अथवा फोड दोन आठवडे तसाच असेल, तर दंतवैद्याकडून तोंड तपासून घ्या.