गोवर एकदा निघून गेलेला बरा, की सुई?

तुम्ही लिहिलंय की घणसोलीला राहता, मुलगी १४ महिन्यांची आहे आणि गावी गेल्यामुळे तिची नवव्या महिन्याची गोवराची सुई राहून गेली. सासूबाई म्हणतात, "आमच्या वेळी सगळ्यांनाच गोवर निघायचा. एकदा निघाला की जन्मात पुन्हा नाही. मग टोचता कशाला?" मी कळवा-विटावा भागात बरीच वर्षं आरोग्यसेविका होते. हाच प्रश्न मला शेकडो उंबऱ्यांवर ऐकायला मिळाला आहे.

ताई, सासूबाईंचं अर्धं म्हणणं अगदी खरं आहे. उत्तर अटलांटिकमध्ये फेरो नावाची बेटं आहेत. तिथे १७८१ साली गोवर आला आणि मग ६५ वर्षं आलाच नाही. १८४६ मध्ये तो पुन्हा आला तेव्हा जेमतेम ७,८०० वस्तीतले सहा हजारांच्या आसपास लोक आजारी पडले. पानुम नावाच्या डॅनिश डॉक्टरने घरोघरी चौकशी केली, तर १७८१ साली ज्यांना गोवर झाला होता, त्या म्हाताऱ्यांना तो दुसऱ्यांदा झालाच नव्हता. शरीराने ६५ वर्षं आठवण ठेवली होती.

ही आठवण कशी तयार होते? नवा जंतू शिरला की शरीर आधी हाताला येईल त्याने लढतं. ताप चढतो, नाक वाहतं, खोकला येतो. तोवर त्या जंतूला नेमकं ओळखणाऱ्या मोजक्या पांढऱ्या पेशी भराभर वाढतात. त्यातल्या काही पेशी प्रतिपिंडं, म्हणजे जंतूला चिकटून त्याला अडवणारी प्रथिनं, बनवतात, तर काही विषाणू शिरलेल्या पेशीच मारून टाकतात. गोवराचं पुरळ म्हणजे कातडीखाली चाललेली हीच लढाई. "अंगातली उष्णता बाहेर पडते" म्हणतात, ते तसं नाही. उलट प्रतिकारशक्ती फार खालावलेल्या मुलाला कधीकधी पुरळ उठतच नाही, आणि ते मूल जास्त धोक्यात असतं. लढाई संपली की यातल्या थोड्या पेशी मागे राहतात, त्याच ही आठवण.

आता राहिलेलं अर्धं. गोवराचा विषाणू घुसतो तो याच आठवण ठेवणाऱ्या पेशींमध्ये. नेदरलँड्समध्ये लस न घेतलेल्या मुलांचं रक्त गोवराच्या आधी आणि नंतर तपासलं गेलं. २०१९ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा दिसलं की इतर आजारांविरुद्धची ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडं नाहीशी झाली होती. गोवर स्वतःची आठवण पक्की ठेवून जातो आणि बाकीच्या पुसून टाकतो. हे वाचलं तेव्हा मला माझ्या वस्तीतली मुलं आठवली. पुरळ उतरलं म्हणून आई सुटकेचा श्वास टाकायची आणि महिन्याभरात तेच पोर न्यूमोनिया नाहीतर जुलाब घेऊन परत यायचं. आम्ही तेव्हा "गोवराने पोर खंगलं" एवढंच म्हणायचो.

लशीत तोच विषाणू दुबळा करून घातलेला असतो. शरीर त्याला ओळखायला शिकतं, पण जुनी आठवण गमावत नाही.

गोवर हवेतून पसरतो. आजारी मूल खोलीतून गेल्यावरही विषाणू दोन तासांपर्यंत तिथे टिकू शकतो. पुरळ उठायच्या चार दिवस आधीपासून, म्हणजे नुसता सर्दी-ताप वाटतो तेव्हापासूनच, लागण सुरू होते. दारावर कडुलिंब बांधून मुलाला वेगळं ठेवायची जुनी रीत मला आवडते, कारण त्यामुळे येणंजाणं थांबतं. पण तोवर चाळीतल्या चार घरांत तो पोचलेला असतो. संरक्षण नसलेला माणूस जवळ आला तर दहापैकी नऊ जणांना लागतो. म्हणूनच वस्तीतल्या ९५ टक्के मुलांना दोन्ही डोस हवेत, तरच नऊ महिन्यांच्या आतलं तान्हं बाळ वाचतं. २०२२ च्या अखेरीस गोवंडी, भिवंडी आणि आमच्या ठाण्यातही गोवर पसरला, तेव्हा आजारी पडलेल्यांत बरीचशी डोस चुकलेलीच मुलं होती.

तुमची वेळ गेलेली नाही. पाच वर्षांपर्यंत राहिलेला डोस सरकारी केंद्रात फुकट मिळतो. पहिला आत्ता द्या, दुसरा १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान, पण दोन्हींत किमान एक महिन्याचं अंतर ठेवून. साध्या सर्दीसाठी थांबू नका. मात्र जोराचा ताप असेल किंवा स्टेरॉइडचं औषध चालू असेल तर आधी डॉक्टरांना सांगा. लसीकरणाचं कार्ड न्या, सिस्टरला 'अ' जीवनसत्त्वाचा डोस राहिलाय का तेही बघायला सांगा, आणि सुईनंतर अर्धा तास तिथेच बसा. साधारण सात ते बारा दिवसांनी थोडा ताप किंवा बारीक पुरळ येऊ शकतं, दोन-तीन दिवसांत जातं. सासूबाईंना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर त्या दिवशी त्या फार घाबरतील.