कार्ड जळलं, पण विजेनंच कशावरून?

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका हळद-अडत पेढीच्या मालकांचं पत्र आहे. पेढीत चोवीस एक्स्टेन्शनचं ईपीएबीएक्स, म्हणजे आतले फोन जोडणारं यंत्र; त्याची सुट्या भागांसह एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार, वर्षाचे १४,००० रुपये भरलेले. मे महिन्यात वळीव झाला आणि चौथ्या दिवशी गोदामाकडचे आठ फोन एकदम मुके झाले. देखभाल कंपनीचा इंजिनिअर आला, यंत्रातलं त्या फोनांचं सर्किट कार्ड काढून घेऊन गेला. आता कंपनी म्हणते, ‘वीज पडून जळलंय, एएमसीत बसत नाही, नव्या कार्डाचे ३२,००० भरा.’ त्यांचा प्रश्न : ग्राहक आयोगात जाऊ का?

आयोगाचं नंतर बघू. आधी ते कार्ड. तुमचा सगळा दावा त्याच्यावर उभा आहे आणि ते तुमच्या ताब्यात नाही. नेल्याची पोच घेतल्याचं तुम्ही लिहिलेलं नाही. आजच कंपनीला ईमेल करा : अमुक तारखेला, अमुक स्लॉटमधलं (खाचेतलं) कार्ड तुमचा माणूस घेऊन गेला, त्याला हात न लावता जपून ठेवा आणि आमच्या माणसासमोर तपासा. दुरुस्तीच्या नावाखाली ते कार्ड उद्या नाहीसं झालं, तर हा ईमेलच तुमच्या कामी येईल.

तुमच्या एएमसीत वीज, पूर, उंदीर यांचं नुकसान वगळलेलं आहे. पण अशा अपवादाचा आडोसा जो घेतो, त्यानंच तो सिद्ध करायचा असतो. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम १०४ चं तत्त्व तेच आहे : जो एखादी गोष्ट घडली म्हणतो, शाबितीचा भार त्याच्यावर. इंजिनिअरचा तोंडी शेरा म्हणजे पुरावा नव्हे.

तरी हातावर हात ठेवून बसू नका. बाहेरचा एखादा जाणकार टेक्निशियन बोलवा. आधी यंत्र बंद करून त्याला त्या रिकाम्या स्लॉटमध्ये तुमचंच दुसरं, चालू असलेलं एक्स्टेन्शन कार्ड घालू द्या. मग क्रोनवर, म्हणजे सगळ्या फोनच्या वायरी जिथे जोडतात त्या पट्टीवर, गोदामाची वायर सोडवून साधा चालू फोन थेट यंत्राच्या बाजूला लावा. टोन आला तर स्लॉट ठीक आहे, दोष काढून नेलेल्या कार्डात किंवा गोदामाच्या केबलमध्ये. केबल परत जोडल्यावर गोदामातले फोनही बोलले, तर केबलही निर्दोष ठरली. याचा व्हिडिओ काढा, टेक्निशियनची सही-तारीख घ्या. व्हिडिओ कोर्टात द्यायचा तर त्याच साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं, म्हणून मूळ मोबाइलमधून तो पुसू नका.

इथे तुमची कच्ची बाजूही सांगतो. बाहेरच्या टेलिफोन लायनींची ट्रंक कार्डं शाबूत आहेत म्हणून आकाशातली वीज यंत्रात शिरलीच नाही, असं म्हणता येत नाही. गोदामाची केबल पत्र्यावरून, उघड्यावरून गेली असेल तर सर्ज, म्हणजे विजेच्या दाबाचा अचानक झटका, तिथूनही शिरतो, आणि दुखावलेला भाग काही दिवसांनीही मान टाकतो. म्हणून जुने सर्व्हिस रिपोर्ट काढून वाचा. ‘अर्थिंग खराब, ग्राहकाने सुधारून घ्यावे’ असा शेरा आणि खाली तुमची सही असेल, तर दावा लंगडा होतो. वर्षभराच्या भेटींत अर्थिंगचा उल्लेखच नसेल, तर देखभालीचे पैसे घेऊन काय पाहिलं, हा प्रश्न तुम्ही ठणकावून विचारू शकता.

आता आयोग. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये व्यापारी हेतूने घेतलेली वस्तू किंवा सेवा वगळली आहे. स्वतः राबून पोट भरणाऱ्याला सूट आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात ती समजावून सांगितली आहे. पण चोवीस फोन आणि अकरा नोकरांच्या पेढीला ती मिळणं कठीण. तुम्हाला त्या वाटेनं पाठवणं मला योग्य वाटत नाही.

उरतो करारभंगाचा दिवाणी दावा, मुदत तीन वर्षं. तुमच्या करारात ‘न्यायक्षेत्र पुणे’ छापलंय आणि कंपनीचं मुख्य कार्यालय पुण्यात आहे, म्हणजे ती अट टिकण्याची शक्यता मोठी. बत्तीस हजारांसाठी दर तारखेला पुणे गाठणं परवडणार नाही. त्यापेक्षा वकिलामार्फत नोटीस द्या आणि सांगलीच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व (दावा लावण्याआधीचं) प्रकरण म्हणून लोकअदालतीसाठी अर्ज करा. कोर्ट फी नाही, आणि तडजोड झाली तर तो निवाडा दिवाणी हुकूमनाम्याइतकाच पक्का, त्यावर अपील नाही. कंपनी तडजोडीला आली नाही, तर दाव्याचा रस्ता मोकळाच आहे.

एक चूक मात्र करू नका. फोन तसेच बंद ठेवून ‘हंगामाचा धंदा बुडाला’ म्हणून लाखाची भरपाई मागू नका. करार कायद्याच्या कलम ७३ खाली नुकसान आटोक्यात ठेवण्यासाठी तुम्ही काय केलंत, हेही पाहिलं जातं. कार्ड बसवून घ्या, मात्र ‘हरकत राखून रक्कम भरत आहे’ असं पैसे देतानाच लेखी कळवा आणि बिल जपा. आणि नोटिशीत यंत्राचा प्रोग्रॅमिंग पासवर्डही मागा. तो कंपनीकडेच असेल, तर उद्या दुसरा टेक्निशियन आणूनही त्याला एक्स्टेन्शनचा नंबर बदलता येणार नाही.