वाचकांचे प्रश्न : हट ते हट, मित्रांबरोबर चार दिवस

प्रश्न : आम्ही पाच मित्र चार दिवसांच्या डोंगरयात्रेला निघालो आहोत. रोजचा मुक्काम वेगळ्या हटमध्ये, म्हणजे डोंगरवाटेवरच्या मुक्कामाच्या झोपडीत आहे. दुसऱ्या दिवशी १३ किलोमीटर चाल आणि ९०० मीटर चढ आहे. दोघे जण रोज धावतात, तिघांना फारशी सवय नाही. दुपारपर्यंत पोहोचू का?

उत्तर : सगळं जमून आलं तरच. संध्याकाळच धरून चाला. डोंगरात नुसतं अंतर मोजून चालत नाही, चढही मोजावा लागतो. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांचा १८९२ सालचा आडाखा अजूनही कामाला येतो : दर ५ किलोमीटरला एक तास, वर दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. तुमच्या दिवसाचे अंतराचे सुमारे २ तास ३५ मिनिटे आणि चढाचा दीड तास, म्हणजे चार तासांच्या थोडं वर. पण हा वेळ सवयीच्या माणसाचा, बऱ्या वाटेवरचा आणि मध्ये न थांबता चालण्याचा आहे. तीव्र उतार असेल तर दर ३०० मीटरला दहा मिनिटं वाढवा. पाठीवर चार दिवसांचं सामान आणि गटात तीन नवखे असताना या बेरजेची दीडपट करा, वर विश्रांतीचा तास धरा. म्हणजे सात तास झाले, आणि तेही हवा चांगली असेल तर. सकाळी सातला निघा.

गट रखडण्याचं खरं कारण मात्र वेगळंच असतं. पुढचे दोघे खिंडीत जाऊन बसतात, मागचा धापा टाकत वर पोहोचतो आणि त्याला पाहताच पुढचे सॅक उचलतात. विश्रांती मिळते ती ज्यांना गरज नव्हती त्यांना. दुपारनंतर तो माणूस खाणं-पाणी टाळायला लागतो, कारण थांबलो तर आणखी मागे पडू असं त्याला वाटतं. मग पाय लटपटतात आणि उतारावर घोटा मुरगळतो. म्हणून सगळ्यात सावकाश चालणाऱ्याला पुढून दुसरा ठेवा, एक दमदार माणूस कायम शेवटी. विश्रांतीची दहा मिनिटं शेवटचा माणूस बसल्यापासून मोजा. स्टोव्ह, भांडी, गॅस, प्रथमोपचाराची पेटी असं सामायिक ओझं धावणाऱ्या दोघांच्या सॅकमध्ये जाऊ द्या. त्याने वेग आपोआप सारखा होतो आणि कुणाला कमीपणाही वाटत नाही. किती वाजेपर्यंत खिंड गाठली नाही तर मागे फिरायचं, ती वेळ निघण्यापूर्वीच सगळ्यांनी मिळून ठरवा. वर, दमलेल्या अवस्थेत, हा निर्णय नीट होत नाही.

प्रश्न : पाच जणांना तीन मुक्कामांसाठी गॅस किती न्यावा?

उत्तर : एक लिटर पाणी उकळायला साधारण १५ ग्रॅम गॅस धरा. संध्याकाळी चहा-सूप-जेवणाला ४ लिटर, सकाळी ३ लिटर, म्हणजे दिवसाला १०५ ग्रॅम. तीन संध्याकाळी आणि तीन सकाळी मिळून ३१५ ग्रॅम. २३० ग्रॅमचे दोन डबे न्या. एक मोठा आणि एक १०० ग्रॅमचा हा हिशेब कागदावर जमतो, पण वारा सुटला किंवा झाकण न ठेवता पाणी तापवलं की फसतो. बर्फ वितळवून पाणी करायचं असेल तर गॅस जवळपास दुप्पट लागतो.

थंडीत ज्योत मरते तेव्हा अनेकांना डबा संपला असं वाटतं. खरं तर डब्यात वेगवेगळ्या गॅसचं मिश्रण असतं, आणि त्यातला साधा ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपास वायू व्हायचाच थांबतो. आयसोब्यूटेन उणे ११ अंशांपर्यंत तग धरतो, प्रोपेन त्याहून बराच खाली. डब्यावरचं मिश्रण वाचून घ्या आणि रात्री डबा स्लीपिंग बॅगमध्ये ठेवा. डब्यावर थेट बसणाऱ्या स्टोव्हला वाराआड पत्रा चहूबाजूंनी कधीही गुंडाळू नका, डबा तापून फुटू शकतो. हटमध्ये स्वयंपाक करताना खिडकी उघडी हवीच, मग बाहेर कितीही गारठा असो. स्टोव्ह जळताना निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला ना वास असतो ना रंग.

प्रश्न : भिजलेले बूट हटमधल्या शेगडीजवळ वाळवावेत का?

उत्तर : शेगडीला लागून नको. सोलचा गोंद सुटतो, चामडं तडकतं. नाड्या सैल करा, आतला तळवा काढा, कागदाचे बोळे कोंबा आणि तासाभराने बदला. सकाळी बूट ओलसरच राहतील, पण मोजे कोरडे घाला. टाचेला चुरचुरलं की तिथेच थांबून पट्टी लावा. फोड आल्यावर लावलेल्या पट्टीचा उपयोग निम्माच.

प्रश्न : वाटेत पूल नसलेला ओढा आहे. पाऊस झाला तर?

उत्तर : पाणी गढूळ झालंय, फांद्या वाहून येताहेत किंवा तळाशी दगड गडगडल्याचा आवाज येतोय, यातलं एकही दिसलं वा ऐकू आलं तर उतरू नका. लहान खोऱ्यातलं पाणी पाऊस थांबल्यावर काही तासांतही ओसरू शकतं. मागच्या हटमध्ये आणखी एक रात्र काढा. त्यासाठीच एका दिवसाचा जादा शिधा सोबत हवा. पाणी कमी असेल तेव्हा पात्र रुंद आणि उथळ असलेली जागा निवडा, खाली धबधबा किंवा अडकलेली झाडं नाहीत हे पाहून घ्या. बूट घालूनच उतरा. पाचही जण प्रवाहाला समांतर एका ओळीत, शेजाऱ्याच्या सॅकमागून हात अडकवून, सगळ्यात ताकदवान माणूस वरच्या अंगाला. सगळ्यांनी एकदमच पुढे सरकायचं.

आणि हटमधल्या नोंदवहीत पुढचा मार्ग, माणसांची संख्या आणि तारीख लिहा, तिथे मुक्काम केला नसला तरी. शोध घ्यायची वेळ आली तर शोधपथक आधी तीच उघडतं.