रणगाड्यावर नोकरी केलेल्यांच्या आठवणी वॉरगेमच्या नियमांत उतरवता येतात का?

येतात, आणि उतरवाव्यातच. तुम्ही लिहिलंय की टेबलावर लढाई मांडून वॉरगेम खेळणाऱ्या तुमच्या गटात रणगाड्यावर नोकरी केलेले दोन माजी सैनिक आलेत आणि त्यांच्या गप्पांपुढे खेळ मागे पडतो. पडू द्या. तोफ किती मिलिमीटरची, चिलखत किती जाड हे पुस्तकात सापडतं. आतल्या माणसाला काय काय करावं लागायचं ते त्याच्याच तोंडून ऐकावं लागतं. मी बरीच वर्षं हा खेळ खेळतोय, आणि आमचे सगळ्यात चांगले नियम असेच ऐकून झालेत.

आमच्यातले एक जण टी-५५ या सोव्हिएत बनावटीच्या रणगाड्यावर लोडर, म्हणजे तोफेत गोळा भरणारे, होते. त्यात लोडरची जागा तोफेच्या उजव्या बाजूला. म्हणजे १०० मिमीचा, सुमारे ३० किलोचा गोळा डाव्या हाताने आत सारायचा, गाडी खाचखळग्यांतून उसळत असली तरी. हाताशी लावलेले गोळे आहेत तोवर काम भराभर होतं. ते संपले की उरलेले अडचणीच्या जागांतून उपसून काढायचे. हे ऐकल्यावर आम्ही ठरवलं की काही फेऱ्यांनंतर टी-५५ चा मारा मंदावेल, आणि धावत्या गाडीतून तर आणखीच. तेव्हापासून आमचे खेळाडू थांबून, नेम धरून मारा करू लागले.

त्यानंतरच्या टी-७२ रणगाड्यात लोडरच नाही. २२ गोळे फिरत्या चक्रात असतात आणि यंत्र ते तोफेत भरतं. लढताना ही मोठी सोय. पण ट्रॅक, म्हणजे चाकांवरचा लोखंडी पट्टा, निसटला की घण घालायला, पिना ठोकायला आणि रात्री पहाऱ्याला उभं राहायला चौथा माणूस नसतो. एका लढाईच्या डावात हे जाणवणार नाही. सलग मोहीम खेळत असाल तर थकव्याचा हिशेब जरूर ठेवा.

जमिनीबद्दल मात्र ड्रायव्हरला विचारा. टेबलावरचं हिरवं कापड त्याच्या दृष्टीने शेत असतं, आणि शेत ओलं की कोरडं हा त्याचा पहिला प्रश्न. १९६५ मध्ये असल उत्तरला शेतांत पाणी सोडलं होतं, तिथे पाकिस्तानचे पॅटन रणगाडे रुतून बसले. उतारही असाच महत्त्वाचा. ब्रिटिश बनावटीच्या सेंच्युरियन रणगाड्याच्या तोफेची नळी १० अंश खाली झुकते, टी-५५ ची त्याच्या निम्मीच; नळी जास्त झुकली की उंचवट्याआड राहून खाली मारा करता येतो. १९७३ मध्ये गोलानच्या उंचवट्यांवर इस्रायली सेंच्युरियनना याचा फार फायदा झाला. सपाट टेबलावर हा फरक पुसला जातो, म्हणून टेकड्या हव्यातच.

आणि दिसणं! हॅच, म्हणजे वरचं झाकण, बंद केलं की कमांडरचं जग पेरिस्कोपच्या काचेएवढं होतं. डोकं बाहेर काढलं तर दिसतं, पण जीव धोक्यात. १९७३ मध्ये इस्रायलचे कितीतरी टँक कमांडर असेच गेले. आमच्याकडे दर फेरीला हॅच उघडी की बंद हे खेळाडूला सांगावंच लागतं. १९४० चा फ्रान्स खेळत असाल तर सोमुआ या फ्रेंच रणगाड्याच्या कमांडरवर याहून जास्त ओझं टाका. बुरुजात, म्हणजे तोफेच्या फिरत्या घुमटात, तो एकटाच. बघायचं, गोळा भरायचा, नेम धरायचा आणि हुकूमही द्यायचे. समोरच्या जर्मन पँझर ३ मध्ये याच कामाला तीन माणसं होती.

विचारताना दोन गोष्टी सांभाळा. ‘किती रणगाडे उडवलेत?’ असं कधीही विचारू नका. ‘सकाळी उठल्यावर पहिलं काम कोणतं असायचं?’ असं विचारा, माणूस आपणहून बोलायला लागतो. तो थांबला तर तिथेच थांबा. दुसरं म्हणजे, आज सेवेत असलेल्या रणगाड्यांच्या बारकाव्यांवरून कुणाला डिवचू नका. २०२१ मध्ये ‘वॉर थंडर’ या ऑनलाइन खेळाबद्दलच्या वादात आपलंच खरं हे दाखवायला कुणीतरी ब्रिटिशांच्या चॅलेंजर २ रणगाड्याच्या गोपनीय पुस्तिकेतली पानं टाकली होती. खेळापायी कुणावर अशी वेळ यायला नको.

एकाच रणगाड्यातल्या दोघांच्या हकिगती जुळल्या नाहीत तर बिचकू नका. ड्रायव्हरला समोरचं थोडंफार दिसतं, लोडरला जवळपास काहीच नाही. दोघंही खरंच सांगत असतात. अंतरं आणि तारखा तेवढ्या छापील इतिहासाशी ताडून घ्या.

शेवटी एक सुचवतो. त्या दोघांना पंच करा. १८२४ पासून प्रशिया या जर्मन राज्याच्या सैन्यात क्रीगश्पील, म्हणजे ‘युद्धाचा खेळ’, खेळला जायचा, त्यात फासे आणि तक्ते होते. पुढे १८७६ मध्ये फॉन व्हेर्डी द्यू व्हेर्नुआ या अधिकाऱ्याने तक्ते बाजूला सारून निकाल अनुभवी पंचावर सोपवायची पद्धत मांडली. तुमच्याकडे तसे पंच आयते आहेत. खेळाडूंना पाठमोरं बसवा, टेबल फक्त पंचांना दिसू द्या, आणि कमांडरला त्या क्षणी जेवढं कळलं असतं तेवढंच त्यांनी खेळाडूला सांगावं. सुरुवातीला दोन्ही बाजूंना तीन-चार रणगाडे पुरेत.