निळा माईक झाला, पण ऐकलं कोणी?

प्रश्न : सर, मी जि. प. शाळेत सातवीला शिकवते, गाव केळापूर तालुक्यातलं, पट ३४. लॉकडाऊनमधला व्हॉट्सॲप ग्रुप अजूनही चालू आहे, गृहपाठाचे फोटो त्यावरच येतात, मी रात्री जेवण आटोपून एकेकाला 'छान', 'सुधारणा हवी', 'अक्षर नीट काढ' असं टाकते, कधी नुसता अंगठा देते. पण पुढच्या वहीत पुन्हा त्याच चुका. फोन बापाजवळ, बाप वावरात. एवढं करून उपयोग होऊनच नाही राहिला. कोणतं ॲप घेऊ?
– एक शिक्षिका, जि. यवतमाळ

उत्तर : मॅडम, ॲप नका घेऊ. निदान आताच नका. फोनात आहे तेवढं पुरून उरते, घोळ शेऱ्यात आहे. 'सुधारणा हवी' वाचून पोट्ट्यानं नेमकं करायचं काय? मला कोणी असं लिहून दिलं तर मीबी कागदाची घडी करून खिशात टाकीन.

सातवी आहे म्हणून अपूर्णांकच घ्या. १/२ + १/३ = २/५, वरचे वर मिळवले अन् खालचे खाली, दरवर्षी कोणी ना कोणी हे आणतेच. तुम्ही फुली मारून बाजूला ५/६ लिहून दिलं की पोरगं ते उतरवते अन् मोकळं होते. त्यापेक्षा आलेला फोटो परत पाठवताना वर पेन्सिलचं चिन्ह दिसते ना, त्यानं त्या २/५ ला गोल करा आणि सोबत चाळीसेक सेकंदांचा आवाज पाठवा, की अर्धी भाकर तुझ्या ताटात होती, वरून मायनं आणखी वाढली, मग आता अर्धीपेक्षा जास्त पाहिजे का कमी? तुझं २/५ किती भरते ते चित्र काढून बघ अन् उद्या मला दाखव. बस. ५/६ तोंडातून काढायचं नाही, कितीही जीभ वळवळली तरी.

निबंधाचंही तसंच. 'आम्ही कापूस वेचायला गेलो, खूप मजा आली' असं लिहिलं असेल तर शुद्धलेखनाच्या बारा चुका एकाच दमात दाखवू नका. बोंडाचं टोक बोटाला कसं लागते ते तू मला वर्गात सांगत होती, ते इथं काऊन नाही आलं, एवढंच विचारा. वेलांट्या पुढच्या खेपेला. एका वेळी एकच गोष्ट, आणि निबंध पक्का उतरवायच्या आधी, कच्चा असताना. पक्क्या वहीवर सांगून काय उपयोग, पोरगं म्हणते झालं ते झालं.

आता वेळेचा हिशेब. चौतीस जणांना रोज आवाज पाठवायला जाल तर आठ दिवसांत गळा बसेल, वर ते ऑनलाइन माहिती भरणं आहेच. रोज सातच पोरं घ्या, पाच दिवसांत पस्तीस होतात, म्हणजे पट संपून एक जागा उरते. बाकीच्यांचं त्या दिवशी वर्गात नजरेखालून घाला.

फोन बापाजवळ, हा खरा पेच. तुम्ही पाठवलेला आवाज समोरच्यानं ऐकला की त्यावरचा माईक निळा होते, आपल्याला वाटते पोहोचलं. पोहोचलं ते वावरात, तुरीच्या बांधावर, बापाच्या कानात! म्हणून आवाज संध्याकाळी माणसं घरी आल्यावर पाठवा, आणि पोरानं स्वतःच्या आवाजात परत पाठवायचं, 'मॅडम, मी आता हे हे बदलणार'. हे परत आलं तरच शेरा पोहोचला समजा. नाही आलं तर सकाळी शाळेत तुमच्याच फोनवर त्याला ऐकवा. ज्यांच्या घरी फोनच नाही त्यांनाही असंच, त्यांच्यात कमीपणा वाटू द्यायचा नाही.

आणि हे ग्रुपवर नाही, एकेकाच्याच नंबरवर. मी एकदा चाचणीचे मार्क यादी करून ग्रुपवर टाकले होते, वाटलं पालक खूश होतील. शेवटच्या नंबरची पोरगी तीन दिवस शाळेत आली नाही, चौथ्या दिवशी तिची आजी घेऊन आली अन् मला काहीच बोलली नाही, ते जास्त लागलं.

मार्कांवरून आठवलं. रूथ बटलर नावाच्या संशोधिकेनं इस्राएलमधल्या पाचवी-सहावीच्या मुलांवर केलेला अभ्यास १९८८ मध्ये छापून आला, काहींना नुसते मार्क, काहींना नुसता शेरा, काहींना दोन्ही. सुधारली ती नुसत्या शेऱ्याची मुलं. दोन्ही मिळालेल्यांना शेऱ्याचा तसा फायदा झाला नाही. आपल्या वर्गात बघा ना, वही हातात पडली की '१० पैकी किती' अन् लगेच शेजाऱ्याच्या वहीत डोकं. मार्क तुमच्या रजिस्टरला ठेवा, पोराला दोन दिवसांनी सांगा.

बहुपर्यायी प्रश्नांसाठी मात्र गुगल फॉर्म कामाचा आहे. क्विझ करून घेतला की प्रत्येक प्रश्नाला चुकीच्या उत्तरासाठी वेगळा शेरा आधीच लिहून ठेवता येते, पोरानं पाठवलं की लगेच दिसते. तिथं 'चूक' लिहू नका, 'छेद सारखे केले का?' असं लिहा. निकाल लगेच दिसेल अशीच सेटिंग ठेवा, नंतर पाठवायचा म्हटलं तर ईमेल लागते अन् आपल्या पोरांजवळ ते कुठं. रेंज नसेल तर शाळेच्या एका फोनवर पाळीपाळीनं भरून घ्या. जास्त पोरं कुठं अडकली तेही त्यात कळते, दुसऱ्या दिवशीचा पहिला तास त्यावरच.

प्रश्न : चॅटजीपीटीला वहीचा फोटो देऊन तपासून घेतलं तर चालते का?
– एक शिक्षक, जि. वाशीम

उत्तर : सर, मी करून पाहिलं. पोरानं 'पाणि' लिहिलं तरी ते 'पाणी' वाचून घेते, म्हणजे जी चूक धरायची तीच गायब. छापील अक्षर ठीक, पोरांच्या अक्षरावर मी तरी भरवसा नाही ठेवत. 'वर्तुळाच्या परिघात पोरं कुठं कुठं चुकतात' असं विचारून तयारी करायला घ्या, कामी येते. फोटो द्यायचाच असेल तर वहीवरचं नाव अन् शाळेचं नाव आधी कापा.